कुठं छान होतं, ते सांग

आमच्याकडे इंदूरला रामबागेत दर रविवारी सकाळी आठ-दहा पोरं गाणं ऐकायला जमतात. शिकायला नाही, नुसतं ऐकायला. सगळी कुठे ना कुठे गाणं नाहीतर तबला शिकतात, दोघी-तिघींच्या तर चार-पाच परीक्षा देऊन झाल्यात, आरोह-अवरोह, वादी-संवादी (रागातले दोन मुख्य सूर), गानसमय झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधड सांगतील. पहिल्या रविवारी मी वीस मिनिटांचा यमन राग लावला आणि विचारलं, कसं वाटलं रे? सगळ्यांचं एकच उत्तर, छान होतं ताई. एक जण म्हणाला बढिया होतं. तेवढाच काय तो मतभेद.

पोरांची चूक नाहीये यात. आपण त्यांना गायला शिकवतो, परीक्षेला बसवतो, स्पर्धेला नेतो, पण ऐकायला कोण शिकवतं? घरात आजोबांनी काही लावलं की गप बस आणि ऐक, आणि ऐकून झाल्यावर तोंड उघडलं की "एवढे मोठे गवई, आपण कोण बोलणारे". मग पोरगं काय शिकतं, तर मोठं नाव आलं की मान डोलवायची, आणि लहान नाव आलं की आधी मोठ्यांकडे बघायचं, ते डोलवतायत का. तर हे सगळं मोडायला मी काय काय केलं, त्यातलं काय चाललं आणि काय फसलं, ते लिहून ठेवतेय. तुम्ही क्लास घेत असाल किंवा घरातच एखादं पोरगं गाणं शिकत असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्याच्या मुळाशी माझा एकच प्रश्न आहे, "कुठं?" छान होतं? कुठं छान होतं? बोअर झालं? कितव्या मिनिटापासून? रेकॉर्डिंग मागे नेऊन ती जागा लावून दाखवायची. दाखवता आली की त्यावर भांडता येतं, नाही आली तर पुन्हा ऐकायचं. रागवायचं नाही, हसायचं नाही, फक्त पुन्हा ऐकायचं. तीन-चार आठवडे पोरं वैतागतात, मग ऐकतानाच घड्याळाकडे बघायला लागतात, आणि तिथून खरी मजा सुरू होते.

आधी तयारीचं सांगते. पोहे आधी, गाणं नंतर. हे मी गमतीत नाही सांगत आहे, इंदोरी पोह्यांवरची शेव विलंबितात, म्हणजे संथ लयीत, चावली की पुढच्या दोघांना तानपुरा ऐकूच येत नाही. दुसरं म्हणजे मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, त्यात तबल्याचा डग्गा गायब होतो, तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सूर, गायब होतो आणि उरतो तो नुसता पातळ आवाज. साधा दीड-दोन हजारांचा स्पीकर चालतो. आणि एका वेळी सहा-सात मिनिटं बास. अख्खा पाऊण तासाचा ख्याल नंतर, आधी तुकडे. तुकडा दोनदा ऐकायचा, पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा वही घेऊन.

आणि मोबाइल उलटा ठेवायचा. नाव दिसता कामा नये. हा नियम माझ्याच फजितीतून आलाय. एकदा नेटवरून एका फार मोठ्या गवयाचं म्हणून उतरवलेलं रेकॉर्डिंग लावलं, आणि मी आधीच दहा मिनिटं भाषण ठोकलं, बघा काय तो लगाव, काय ती दमसास. एक तेरा वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, ताई आवाज वेगळा वाटून राहिला आहे. मी तिला गप्प केलं. दोन आठवड्यांनी तबल्याच्या एका जुन्या जाणकारांनी सांगितलं की अहो हे त्यांचं नाहीच, शिष्याचं आहे, खाली नाव चुकीचं टाकलंय. म्हणजे कान तिचे बरोबर होते आणि मी नाव ऐकत होते. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हटलं. तेव्हापासून मोबाइल उलटा, आणि नाव चर्चा झाल्यावरच सांगायचं.

आता ऐकायचं काय? सगळं एकदम ऐक म्हटलं की पोरं काहीच ऐकत नाहीत. एका वेळी कानाला एकच काम द्या. अगदी सुरुवातीला फक्त तानपुरा, तो जुळलाय का, त्यात पहिली तार कुठल्या सुराला लावलीय, प ला, म ला की नी ला. मग फक्त सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. मांडीवर बोट ठेवायचं आणि समेला टेकवायचं, डोळे मिटून, म्हणजे शेजारच्याचं बघून कॉपी होत नाही. विलंबितात हे अवघड जातं हे खरं, म्हणून मोबाइलचं स्टॉपवॉच द्या हातात आणि सांगा, एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत किती सेकंद ते मोज. अतिविलंबित झुमरा तालात १४ मात्रा, एक मात्रा चार सेकंदांची धरली तरी ५६ सेकंद, म्हणजे जवळजवळ एक मिनिट! मध्यलय तीनतालात तेच आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा फेरा, सात-आठ सेकंदांत संपतं. हा आकडा स्वतः काढला की पोरांना लय म्हणजे काय ते पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर कळतं. मग विचारायचं, या एका मिनिटात गवयाने काय भरलं? समेवर येताना घाई झाली का, की आरामात उतरला? मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, दर वेळी तोच घेतला की बदलला?

दोन महिन्यांनी जोड्या सुरू करायच्या. दोन रेकॉर्डिंग्ज शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मत तयारच होत नाही असा माझा अनुभव आहे, एकटं काहीही चांगलंच वाटतं. पहिली जोडी भूप आणि देशकार. दोन्हींत सूर तेच पाच, सा रे ग प ध, परीक्षेत सगळ्यांनी लिहिलेलं असतं की भूपात वादी गंधार, देशकारात धैवत, एक रात्रीचा, एक सकाळचा. पण ऐकून सांगा म्हटलं की गाडी अडते. तर काम एवढंच द्यायचं, दहा ओळींमध्ये गवई कुठल्या सुरावर थांबला त्याच्या खुणा करा. भूपासाठी किशोरीताई आमोणकरांचा घ्या, तो तर घराघरात आहे, देशकार कुणाचाही चालेल, फक्त प्रत साफ हवी. खुणा मोजल्या की पोरं स्वतःच म्हणतात, ताई हा तर वरतीच राहतोय, धैवताला चिकटून. झालं! पाठ केलेली ओळ कानात उतरली.

त्यापुढची पायरी म्हणजे मारवा, पूरिया, सोहनी. तिघांचे सूर तेच, रे कोमल, म तीव्र, पंचम नाही. मारव्यात रे आणि ध चा मुक्काम, सा ला सहज हात लावत नाहीत. पूरियात ग आणि नी, चाल बरीचशी खालच्या सप्तकात. सोहनी उत्तररात्रीची, वरच्या षड्जाभोवती नाचणारी. इथे मी विचारते, कुठला ऐकताना अस्वस्थ वाटलं आणि नेमकं कधी बरं वाटलं. उत्तर बहुतेक वेळा येतं की मारव्यात सा आला तेव्हा. मग मिनिट शोधा, किती वेळाने आला सा? असं उलटं जाऊन पोरांना कळतं की आपल्याला जे "कसंतरी" वाटत होतं ते कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे.

इथे आमचं इंदूरचं मोठं भांडण सांगायलाच हवं. अमीर खाँसाहेब आपल्याच शहराचे, इथेच वाढले, वडील शाहमीर खाँ सारंगिये, आणि पुढे घराण्यालाच इंदूरचं नाव लागलं. आणि तासाभराच्या अंतरावर देवासला कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी आले ते १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत तिथलेच. दोन्ही आमचेच, म्हणून दोघांबद्दल घराघरात ठाम मतं, आणि ती मतं पोरांना आयती मिळतात. एका घरात "खाँसाहेबांनंतर गाणं संपलं", दुसऱ्या घरात "कुमारांनी गाणं जिवंत केलं". पोरगं गाणं ऐकायच्या आधीच कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवून येतं.

तर मी खाँसाहेबांचा मारवा लावला, अर्थात मोबाइल उलटा. आणि त्यानंतर कुमारजींचं एक मध्यलयीतलं. आमचा तबला वाजवणारा पोरगा पहिल्यानंतर म्हणाला, "ताई, हे तर पुढे सरकूनच नाही राहिलं." घरातल्या मोठ्यांनी ऐकलं असतं तर कानफटात बसली असती त्याच्या. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, सुरुवातीपासून. नाही, असं नाही चालणार, नेमकी जागा दाखव. तीनदा ऐकलं त्याने. मग म्हणाला की हे पहिलं आवर्तन, हे दुसरं, दोन्हींत हे तेच तीन सूर फिरवून राहिलेत, फक्त क्रम बदलून. अरे बाबा, तू जे आत्ता सांगितलंस त्यालाच मेरुखंड म्हणतात! थोड्या सुरांच्या जितक्या होतील तितक्या जागा उलटून पालटून बघायच्या, तीन सुरांचे सहा क्रम, चारांचे चोवीस, खाँसाहेबांच्या बढतीचा, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेण्याचा, पायाच तो. म्हणजे पोराने तक्रार म्हणून जे सांगितलं ते अगदी अचूक निरीक्षण होतं. त्याला ते आवडलं नाही ही वेगळी गोष्ट, आणि ते त्याला आवडायलाच पाहिजे असं मी म्हटलं नाही. तुम्हीही म्हणू नका, मोह फार होतो.

दुसऱ्याबद्दल एक मुलगी म्हणाली, हे सारखे तोडून का गातात, एक ओळ सलग का नाही. हेही बरोबर. कुमारजींचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, लांब पल्ल्याची तान त्या दमात बसत नव्हती, छोट्या छोट्या झेपांचं गाणं त्यांनी त्यातून घडवलं. पण हे मी आधी नाही सांगितलं, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माहिती दिली की पोरं दया करायला लागतात, अरे बिचारे आजारी होते, आणि मग कान बंद. आधी ऐकू दे, खटकू दे, जागा दाखवू दे, मग माहिती द्या, आणि परत लावा. परत ऐकल्यावर तिला विचारलं, आता? म्हणाली, तोडतात ते ठीक आहे पण त्या मधल्या गॅपमध्ये मला पुढची ओळ ऐकू येते. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय, मला स्वतःला इतक्या वर्षांत असं सुचलं नव्हतं.

आवडनिवड आणि चूक-बरोबर यांची सरमिसळ होते ती सोडवायला वेळ द्या. "मला खर्जातला आवाज आवडत नाही" हे एक, "इथे निषाद उतरलाय" हे दुसरं, आणि "मारव्यात सा वर एवढं थांबल्यामुळे राग सैल पडला" हे तिसरं. पहिल्यावर वाद घालायचा नाही. दुसरं तानपुऱ्याशी लावून तपासता येतं. तिसऱ्यावर वाद घालायलाच बसलोय आपण. आणि एखादी जागा नियमाबाहेरची वाटली तर माझी एक गावठी कसोटी आहे, ती जागा पुन्हा येते का बघा. एकदाच आली तर कदाचित निसटलं असेल, दोन-तीनदा तशीच आली तर गवई जाणूनबुजून करतोय, आणि मग प्रश्न बदलतो, का करतोय? नेहमी बरोबर येतेच असं नाही ही कसोटी, पण पोरं "चुकलं चुकलं" म्हणून उड्या मारणं थांबवतात.

जुन्या रेकॉर्डिंग्जबद्दल थोडी काळजी घ्या. पोरं ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवरचा आवाज ऐकून म्हणतात, किती चिरका गातात हे. तिथे आधी यंत्र समजवा. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजान गायल्या तेव्हा मायक्रोफोनच नव्हता, भोंग्यात तोंड घालून ओरडून गावं लागायचं, भोंग्याला खर्जही नीट पकडता यायचा नाही आणि वरची झळाळीही नाही. मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमाराला सुरू झालं, आपल्याकडे त्यानंतर. आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यामुळे "बढत नाही केली" अशी तक्रार तिथे लागू नाही, विचारायचं असेल तर हे विचारा की तीन मिनिटांत काय ठेवलं आणि काय गाळलं. याच्यासाठी माझा आवडता खेळ आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडी अवकाशात पाठवली, त्यात आपल्याकडचं एकच गाणं, केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. पोरांना विचारायचं, तुम्हाला पाठवायचं असतं तर काय पाठवलं असतं, आणि नुसतं नाव नाही, त्यातली कुठली साडेतीन मिनिटं? एक पोरगं दोन आठवडे घरी रेकॉर्डिंग कापत बसलं होतं, त्याची आई फोन करून विचारते, ताई हा अभ्यास आहे का! आहे हो, हाच अभ्यास आहे.

वाद घालायला एखादा जुना विषयही द्या अधूनमधून. आमच्याकडे पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, जोरात झालं होतं. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत होती, कारण हे की पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, सूर ठोकळ्यासारखे. आता मींडेचीच एक जागा सारंगीच्या साथीची आणि एक पेटीच्या साथीची अशी लावा, आणि विचारा बंदी बरोबर होती का. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी पेटी, त्यामुळे भांडण घरापर्यंत गेलं.

प्रत्यक्ष मैफिलीला न्याल तेव्हा नियम वेगळे. तिथे मोबाइल बंद, रेकॉर्डिंग नाही, मध्ये उठायचं नाही, आणि वहीसुद्धा नाही, लिहायच्या नादात गाणं निघून जातं. दोन जागा फक्त लक्षात ठेवायच्या, एक आवडलेली आणि एक खटकलेली, गुणगुणत घरी आणायच्या. माइकचा दोष गवयाच्या माथी मारायचा नाही, तबला फार चढा असेल तर ते आधी साउंडवाल्याचं बघा. कार्यक्रम संपल्यावर कलाकारांच्या पाया पडायला जाल तेव्हा तिथे मत द्यायचं नाही, तिथे प्रश्न विचारायचा. "बुवा, तुम्ही अंतरा घेतला नाही, मुद्दाम का?" असं आमच्या एका पोराने एका पाहुण्या गवयांना विचारलं, मी घाबरलेच, पण ते खूश झाले आणि जिन्यात उभं राहून दहा मिनिटं बोलले. एकदा उलटंही झालंय, दुसरे एक जण म्हणाले आधी वीस वर्षं रियाझ कर मग विचार, आणि पोरगं रडकुंडीला आलं. त्याला मी एवढंच सांगितलं की प्रश्न बरोबर होता, वेळ चुकली.

लिहायला लावताना एक यादी भिंतीवर लावून ठेवा, बंदी असलेल्या शब्दांची. मंत्रमुग्ध, सुमधुर, रंगतदार, स्वरांची बरसात, रसिक न्हाऊन निघाले. हे शब्द काढून घेतले की पोरांच्या हातात काही उरतच नाही आधी, कोरी वही. मग व्हॉइस नोट पाठवायला सांगा, बोलताना त्यांना बरोबर येतं, "तिथे नाही का तो एकदम खाली गेला आणि तबलेवाला थांबल्यासारखा झाला". तेच लिहा म्हणावं, तसंच्या तसं. पाच ओळी पुरेत. राग, ताल, कितव्या मिनिटाला काय, मला काय वाटलं, का वाटलं. हिंदीत सुचलं तर हिंदीत लिहू द्या, इथली अर्धी पोरं विचारच हिंदीत करतात, मराठी घरी आजीशी बोलण्यापुरती, व्याकरण सुधारत बसलात तर मत पळून जाईल.

आणि तुमचं स्वतःचं मत सगळ्यात शेवटी सांगा. हे मला सगळ्यात जड गेलं, खरं सांगते. ताईंनी एकदा "वा" म्हटलं की खोलीतले आठही जण वा म्हणतात. म्हणून ऐकताना मी पोरांच्या मागे बसते, चेहरा दिसायला नको. पालकांनाही आत बसू द्यायचं असेल तर मागेच, आणि दाद द्यायची नाही या अटीवर. एक बाबा फार दुखावले होते यावरून, म्हणाले गाणं ऐकून दाद नाही द्यायची म्हणजे काय. त्यांना म्हटलं, काका, तुम्ही वा म्हणता तेव्हा पोरगी तुमच्याकडे बघते, गाण्याकडे नाही.

सहा-आठ महिन्यांनी जुन्या वह्या काढा आणि तेच तुकडे पुन्हा लावा. आधी काय लिहिलं होतं ते ऐकल्यावरच उघडायचं. मत बदललं तर का, नाही बदललं तर का, दोन्ही लिहायचं, आणि मत बदललं म्हणून शाबासकी द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी सगळे मुद्दाम बदलतील, पोरं हुशार असतात. मागच्या महिन्यात आम्ही मारवा परत लावला. त्या तबलेवाल्या पोराच्या जुन्या पानावर होतं, "पुढे सरकत नाही, बोअर." आता खाली त्याने लिहिलंय, "अजूनही बोअर. पण पाचव्या आवर्तनात सा येणार असं वाटलं आणि नाही आला, तिथे मी डग्ग्यावर काहीच वाजवलं नसतं."